तिहाई ओळखा, मग बटण दाबा

पहिल्यांदाच मैफलीचे फोटो काढणाऱ्याच्या बहुतेक फोटोंत गायकाचं तोंड माइकमागे गेलेलं असतं. ओठ दिसत नाहीत, हनुवटीवर माइकची काळी सावली पडलेली असते आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याशेजारी पाण्याची बाटली लख्ख चमकत असते. यावरचा उपाय महागड्या लेन्समध्ये शोधायची गरज नाही. बरोबर मधोमध न बसता रंगमंचाच्या एका बाजूला सरकलं की माइक आणि तोंड यांच्यात फट पडते. सरकायचं कुठल्या बाजूला, हे मात्र संगीत ठरवतं. ख्यालाच्या मैफलीत तबला सहसा गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे प्रेक्षकांतून बघताना डावीकडे. पेटी दुसऱ्या बाजूला. डावीकडे बसलात तर गायक समेवर तबलजीकडे वळतो तेव्हा त्याचा चेहरा तुमच्याकडे येतो. उजवीकडे बसलात तर तबलजीचा चेहरा आणि दोन्ही हात मिळतात, पण गायक वळला की त्याचा कान आणि मान एवढंच हाती लागतं. मध्यंतरात जागा बदलता येते, म्हणून पूर्वार्ध एकीकडे आणि उत्तरार्ध दुसरीकडे असं आधीच ठरवून ठेवावं.

महाविद्यालयातली चार-पाच मुलं जमून संगीताचा छापील अंक काढायचं ठरवतात तेव्हा फोटोंचं काम कसं चालतं, ते इथे पहिल्यापासून सांगायचं आहे. ठिकाण पुण्याचं उपनगर हडपसर. अण्णासाहेब मगर महाविद्यालय किंवा एस. एम. जोशी महाविद्यालयात शिकणाऱ्याला विषयासाठी लांब जावं लागत नाही. माळवाडीत महापालिकेचं विठ्ठल तुपे नाट्यगृह आहे. 2010 साली पुण्यात सुरू झालेला एनएच सेव्हन वीकेंडर हा मोठा संगीत महोत्सव मगरपट्ट्याच्या लक्ष्मी लॉन्सवर आणि अमनोरा पार्क टाउनमध्येही भरलेला आहे. आणि दर वर्षी ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरवरून जातात तेव्हा टाळ-मृदंगाचा एवढा मोठा मेळा रस्त्यावरच उभा असतो. बंदिस्त नाट्यगृह, मोकळं मैदान आणि सोलापूर रस्ता अशा तीन अगदी वेगळ्या जागा आणि तीन वेगळे प्रकाश एकाच उपनगरात मिळतात. शिकायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

विद्यार्थ्यांनी काढलेले संगीताचे फोटो कच्चेच असणार, असं समजून बसू नये. छायाचित्रकार ॲनी लिबोविट्झ सॅन फ्रान्सिस्कोत कलेचं शिक्षण घेत होत्या तेव्हाच, 1970 मध्ये, ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकासाठी फोटो काढायला लागल्या. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. दयानिता सिंग अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकत असताना एका मैफलीत झाकीर हुसेन यांचे फोटो काढायला गेल्या आणि आयोजकांनी त्यांना अडवलं. त्यांनी थेट झाकीरभाईंनाच गाठलं. पुढे कित्येक हिवाळे त्या झाकीरभाई आणि इतर कलाकारांबरोबर गावोगावी हिंडल्या आणि त्यातून 1986 मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक झालं. त्याचं नावच ‘झाकीर हुसेन’. विद्यार्थिदशेतल्या कामातून उभं राहिलेलं ते पुस्तक आजही छायाचित्रणाच्या इतिहासात मोजलं जातं. मंचावरच्या तबल्याइतकीच त्यात प्रवास, तालीम आणि विश्रांती यांना जागा आहे. पुण्यात सतीश पाकणीकर यांनी शास्त्रीय संगीतातल्या कलाकारांची काढलेली व्यक्तिचित्रं आणि त्यांच्या दिनदर्शिका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना मी काय म्हणते आहे ते लगेच कळेल: फोटो काढणाऱ्याला गाणं कळत होतं, हे त्या चित्रांत दिसतं.

साधनांबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स पूर्ण लांबवली की तिचं तोंड एफ 5.6 एवढंच उघडतं. 50 मिलिमीटरची एफ 1.8 ही साधी, स्वस्त लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. नाट्यगृहातल्या अंधारात हा फरक निर्णायक आहे. म्हणून नवा कॅमेरा घेण्याऐवजी वर्गणी काढून ही एक लेन्स घ्यावी. फोन असेल तर मंचाच्या अगदी जवळ जायला मिळेल तिथेच तो वापरावा. लांबून झूम करून काढलेला फोनचा फोटो छापायच्या लायकीचा राहत नाही.

आता प्रकाश. मंचामागे काळा पडदा असतो. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, एवढा काळोख बघून घाबरतो आणि चित्र उजळवायला जातो. परिणामी गायकाचा चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून मीटरिंग ‘स्पॉट’वर ठेवून ते चेहऱ्यावर धरायचं, किंवा एक्सपोजर एका स्टॉपने खाली आणायचं. आयएसओ 1600 ते 6400 च्या दरम्यान लागेल, त्याला भिऊ नये. दाणे दिसतील, पण छापताना त्यातले बरेचसे कागदात मुरतात. हललेला फोटो मात्र कशानेही सुधारत नाही. बसून गाणाऱ्यासाठी शटर 1/125 पुरेसं होतं. तबल्यावरची बोटं थांबवायची असतील तर 1/500 लागेल, आणि बोटांचा वेग दाखवायचा असेल तर उलट 1/30 वर जाऊन चेहरा स्थिर असण्याचा क्षण धरावा लागेल.

हल्ली मंचावर सगळीकडे एलईडी दिवे आले आहेत आणि त्यांनी दोन नवे घोळ घालून ठेवले आहेत. पहिला रंगाचा. निव्वळ लाल किंवा निव्वळ निळ्या एलईडीत चेहऱ्याचे बारकावे नाहीसे होतात, कारण सेन्सरचा एकच रंग काठोकाठ भरून जातो आणि बाकीचे दोन जवळजवळ रिकामे राहतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो ठीक दिसतो, घरी येऊन बघावं तर गालाच्या जागी लाल ठिगळ. यासाठी तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघायची सवय लावावी आणि लाल उजवीकडच्या भिंतीला टेकला की एक्सपोजर आणखी उतरवावं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे कार्यक्रमाच्या आधी प्रकाशयोजना बघणाऱ्या दादांना जाऊन भेटणं. ‘एका गाण्याला समोरून साधा पिवळसर-पांढरा प्रकाश द्याल का?’ असं नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, आणि अंकाच्या मुखपृष्ठाचा फोटो त्याच गाण्यात मिळतो.

दुसरा घोळ पट्ट्यांचा. मंद केलेला एलईडी खरं तर मंद होत नाही, तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो आणि डोळ्यांना ते सरासरीने मंद दिसतं. मिररलेस कॅमेऱ्यातलं मूक शटर चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने वाचतं. काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या जातात, काही बंद असताना, आणि फोटोभर आडव्या काळ्या पट्ट्या येतात. वर्गातल्या किंवा तालमीच्या खोलीतल्या जुन्या ट्यूबलाइटचंही तसंच: आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. तिथे शटर 1/100 किंवा 1/50 ठेवलं की पूर्ण लुकलुक एका फोटोत मावते आणि पट्ट्या जातात. मंचावरच्या एलईडीसाठी यांत्रिक शटर वापरावं लागतं. पण यांत्रिक शटर ‘खट्’ असा आवाज करतं आणि समोर आलापी चालू आहे!

इथून पुढचं सगळं काम कानाचं आहे, आणि माझ्या दृष्टीने या विषयाचं खरं मर्म इथेच आहे. ख्यालाची मैफल कशी चढत जाते हे ज्याला माहीत आहे, त्याला कॅमेरा कधी उचलायचा आणि कधी मांडीवर ठेवायचा हे कुणी सांगावं लागत नाही. सुरुवातीच्या आलापात एकही फोटो काढू नये. त्या वेळी गायक सूर लावतो आहे, श्रोते कान टवकारून बसले आहेत, आणि पहिल्या रांगेतला तुमचा ‘खट्’ शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्या मिनिटांत डोळ्यांनी काम करावं: गायक कुठला हात उचलतो, मान कुठल्या बाजूला झुकवतो, माइकपासून कधी मागे सरतो.

मग विलंबित ख्याल सुरू होतो आणि तबला येतो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा. प्रत्येक मात्रा चार सेकंदांची धरली तरी एक आवर्तन 48 सेकंदांचं होतं. म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा, साधारण पाऊण मिनिटाने एकदा येणार. फोटो काढणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. मधल्या वेळात फोकस गायकाच्या जवळच्या डोळ्यावर नेऊन ठेवायचा, चौकटीच्या कडा तपासायच्या, बाटली झाकली जाईल इतकं खाली वाकायचं आणि थांबायचं. आवर्तनाच्या शेवटी बंदिशीचा मुखडा आला की सम जवळ आली हे कळतं. त्या क्षणी गायकाचा हात खाली येतो, तबलजी मान वर करतो, पेटीवाल्याचे डोळे त्या दोघांकडे जातात आणि मागे तंबोरा धरलेला शिष्य नकळत मान डोलवतो. चार माणसं एकाच क्षणी एकाच जागी पोहोचलेली असतात. समेवर तबल्याचा ठोका पडतोच, समोरून ‘वाः’ येते आणि शटरचा आवाज त्यात बुडून जातो. शिकाऊ मुलं समेवर बटण दाबतात आणि लगेच कॅमेरा खाली घेतात; पण समेनंतरच्या अर्ध्या सेकंदात सगळ्यांत मोलाचं असं काही घडतं. तबलजी हसतो. गायक त्याच्याकडे बघून हलकेच मान हलवतो. ती दाद फोटोत आली पाहिजे.

द्रुत लयीत हिशोब बदलतो. मिनिटाला 240 मात्रांच्या तीनतालात सोळा मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत संपतं, तिथे प्रत्येक समेची वाट बघणं शक्य नसतं. तिथे तिहाई मदतीला येते. तोच बोल-समूह तीनदा वाजतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका समेवर पडतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा ओळखायचं, दुसऱ्यांदा वाजताना चौकट पक्की करायची, तिसऱ्यांदा तो संपता संपता बटण दाबायचं. कॅमेऱ्याला फोटो टिपायला क्षणभर वेळ लागतो, म्हणून ठोका ऐकू आल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. तिहाई आधीच सांगून ठेवते म्हणून हे जमतं. ज्याला तिहाई ऐकू येत नाही तो सेकंदाला दहा फोटोंची माळ लावतो, आजूबाजूच्यांना त्रास देतो आणि तरी नेमका क्षण दोन फोटोंच्या मधे निसटतो. म्हणून अंकाच्या छायाचित्रकाराने महिनाभर तरी तबल्याच्या वर्गात जाऊन बसावं, असा माझा आग्रह असतो. वाजवता आलं नाही तरी चालेल, हाताने टाळी-खाली धरता आली पाहिजे.

जवळून काढायच्या फोटोंत तर ही जाण आणखी लागते. तंबोऱ्याची पहिली तार मधल्या बोटाने छेडतात आणि उरलेल्या तर्जनीने. हातांचा फोटो काढताना मधलं बोट पहिल्या तारेवर असतानाचा क्षण घेतला तर जाणकार वाचकाला त्या चित्रात क्रम दिसतो, नुसती बोटं दिसत नाहीत. सतारीवर उजव्या हाताच्या तर्जनीतली मिजराब सगळेच टिपतात. डाव्या हाताने तार बाजूला ओढून मींड काढली जात असते, ती वाकलेली तार क्वचितच कुणी टिपतं. डग्ग्यावर मनगटाचा दाब बदलून घुमारा वर-खाली होतो. तळव्याखाली किंचित दबलेली पुडी तिरक्या प्रकाशात सुरेख दिसते. ऐकलेल्या आवाजाचं कारण वाचकाला अशा फोटोत बघायला मिळतं.

बँडच्या कार्यक्रमात नियम वेगळे. मोठ्या महोत्सवांत मंचासमोरच्या कठड्याआड छायाचित्रकारांना पहिल्या तीन गाण्यांपुरतंच थांबू देतात आणि फ्लॅश चालत नाही. त्यामुळे गाण्यांचा क्रम आधी मिळवून पहिली तीन गाणी ऐकून जावं. सुरांची वरची झेप घेतल्यावर गायक माइकपासून तोंड लांब करतो, तो क्षण धरावा. ड्रमर बिचारा झांजांमागे लपलेला असतो आणि कॉलेजच्या अंकांत त्याचा फोटो नसतोच. मंचाच्या बाजूने, पडद्याच्या आडोशाने गेलं की तो पूर्ण दिसतो. त्यासाठी आयोजकांची परवानगी आधी, लेखी घ्यावी. आणि कानांत बोळे घालावेत. स्पीकरच्या भिंतीसमोर तासभर उभं राहणं कानांना सोसत नाही आणि या कामात कान गमावून भागणार नाही.

फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ तालमी करत असतात तेव्हा तिथेही जावं. तालमीच्या खोलीत प्रकाश वाईट असतो, पण माणसं मोकळी असतात. पेटीवर डोकं टेकून दमलेला मुलगा, भिंतीला टेकून ओळी पाठ करणारी मुलगी, एकाच चहाच्या कपावरून चाललेलं भांडण, हे मंचावर मिळत नाही. अंकाला एका तरी लेखासाठी असे फोटो हवेतच.

पालखीचा दिवस पूर्णपणे वेगळा. पुण्यातला मुक्काम हलला की दोन्ही पालख्या हडपसरच्या बाजूला येतात आणि इथे वाटा फुटतात: ज्ञानोबांची पालखी दिवे घाटातून सासवडकडे, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. हडपसरच्या गाडीतळावर गर्दी एवढी असते की रथाजवळ जायचा हट्ट धरला तर लोकांच्या पाठींखेरीज काही मिळत नाही. संगीताच्या अंकाला रथापेक्षा दिंडी महत्त्वाची. एक दिंडी निवडावी, तिच्या विणेकऱ्यांना नमस्कार करून फोटो काढू का हे विचारावं आणि तिच्याबरोबर चालत राहावं. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर येतात, मध्ये मृदंग. टाळ मिटलेले असतानाचा फोटो हात जोडल्यासारखा दिसतो, त्यात आवाज नसतो. हात पूर्ण फाकलेले, टाळांमधली दोरी ताणलेली आणि पाय पावलीत उचललेला, असा क्षण मिळाला तर पुढचा ठोका वाचक मनात स्वतःच पूर्ण करतो. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. तो दोन-तीन वेळा मनात मोजला की हात कधी फाकणार ते कळायला लागतं. पाऊस असेल तर कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक आणि रबर बँड एवढं पुरतं. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडे सारखा पडतो, फेट्याखालचा चेहराही उजळतो. फोटोच्या दृष्टीने तो वरदानच.

आता घरी आल्यावरचं काम. संपादन म्हटलं की मुलं आधी रंगांच्या पट्ट्या सरकवायला बसतात. त्याआधी निवड करायची असते आणि तिला खऱ्या कामाचा निम्मा वेळ द्यायला हवा. पहिल्या फेरीत फक्त नापास काढायचे: हललेले, फोकस चुकलेले, तोंड झाकलेले. डोळे मिटलेत म्हणून फोटो बाद करू नये. आपल्याकडे गाताना डोळे मिटणं ही गाण्याचीच अवस्था आहे. पण तान घेताना चेहरा वेडावाकडा झाला असेल तर तो फोटो ठेवू नये. गायकाने त्या क्षणी आपल्यासमोर संकोच सोडलेला असतो, त्याचा गैरफायदा घेणं बरं नव्हे. दुसरी फेरी एक रात्र मधे जाऊ दिल्यावर करावी. तिसऱ्या फेरीला लेख लिहिणाऱ्याला शेजारी बसवावं आणि प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारावा: लेखात नसलेली कुठली गोष्ट यात आहे? उत्तर नसेल तर फोटो कितीही देखणा असला तरी बाजूला.

फोटो नेहमी रॉ स्वरूपात काढलेले असावेत. जेपेग फाइल प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या ठेवते, 14 बिटची रॉ फाइल 16,384. अंधारातला चेहरा वर खेचायचा असतो तेव्हा हा साठा कामाला येतो. लाइटरूम परवडत नसेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेशी आहेत. आधी प्रकाशाचा तोल, मग रंगाचा, मग कातरणी, शेवटी दाणे आणि धार, हा क्रम पाळावा. कातरताना वाद्याचं टोक किंवा बोटं कापू नयेत. दाणे फार पुसले तर कातडी मेणासारखी दिसते, म्हणून हात आखडता ठेवावा. लाल-निळ्या दिव्यात सापडलेला आणि तरीही भाव उत्तम असलेला फोटो कृष्णधवल करून बघावा. बिघडलेला रंग सोडून उरलेल्या रंगांतून चेहरा बऱ्याचदा परत मिळतो.

एक गोष्ट मात्र काही झालं तरी करू नये. पानाच्या मांडणीसाठी ‘कलाकार आतल्या बाजूला बघतोय असं दिसू दे’ म्हणून फोटो आरशासारखा उलटा करण्याची खोड अनेक मांडणीकारांना असते. निसर्गचित्रात ते खपेल. संगीतात उजवा डावा होतो, तबला आणि डग्गा जागा बदलतात, सतारीची मिजराब डाव्या हातात जाते. वाचणारा वादक पहिल्या नजरेत हे पकडतो आणि मग सगळ्या अंकावरचा त्याचा विश्वास उडतो. डावखुरे वादक असतातच. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचे. तेव्हा फोटोतला वादक खरंच डावखुरा आहे की फोटो उलटा झाला आहे, हे मूळ फाइल उघडून बघावं. तसंच, नको असलेला माइक किंवा मागचा माणूस एआयने पुसून टाकू नये. तो तिथे होता. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढणं वेगळं.

छपाईचं गणित सुरुवातीलाच छापखान्यात जाऊन समजून घ्यावं, कारण कागद ठरल्याशिवाय फोटो तयार करताच येत नाही. छापील चित्र ठिपक्यांचं असतं. चांगल्या कागदावर इंचाला साधारण 150 ओळी ठिपके बसतात आणि प्रत्येक ठिपक्याला दोन पिक्सेल लागतात, म्हणून 300 डीपीआय. ए-फोर पानभर फोटोला 2480 गुणिले 3508 पिक्सेल पाहिजेत, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल. शिवाय कडेने कापण्यासाठी तीन मिलिमीटर जास्त. बारा मेगापिक्सेलच्या फोनलाही हे झेपतं. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर त्याची लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास उरते आणि छापताना तो साडेतेरा सेंटिमीटरच्या पलीकडे नेता येत नाही. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत किंवा पेनड्राइव्हवर द्यावेत.

कॉलेजचे अंक बहुधा मॅपलिथोवर छापले जातात. हा कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि पडद्यावरचा 50 टक्क्यांचा करडा कागदावर 70 च्या आसपास दिसतो. काळ्या पडद्यासमोरच्या काळ्या केसांच्या गायकाचं काय होईल ते यावरून कळावं: केस आणि पडदा एक होतात, चेहरा अधांतरी तरंगतो. म्हणून मॅपलिथोसाठी मधल्या छटा पडद्यावर फिकट वाटतील इतक्या उचलाव्या लागतात. आर्ट पेपरवर ही अडचण कमी, खर्च जास्त. माझं मत असं की सगळा अंक मॅपलिथोवर घ्यावा आणि मधली आठ पानं आर्ट पेपरची लावून तिथे फोटोंना ऐसपैस जागा द्यावी. मधे पिना मारून बांधलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत असतात, तेव्हा आठ पानं सहज बसतात. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नये. पिनेजवळ नाक हरवतं.

रंगीत पानांवर आणखी एक धक्का बसतो. पडद्यावर झगमगणारा एलईडीचा जांभळा-निळा चार शायांच्या छपाईत उतरतच नाही, तो मळकट होतो. मॉनिटर तीन रंगांचे दिवे लावून रंग दाखवतो आणि कागदावर शाई उजेड शोषून रंग दाखवते. काही रंग एकाच्या आवाक्यात आहेत, दुसऱ्याच्या नाहीत. फोटो सीएमवायके या चार शायांच्या स्वरूपात बदलून आधीच बघावा. काळ्या पार्श्वभूमीत चारही शाया भरगच्च घातल्या तर त्या वाळत नाहीत आणि समोरच्या पानावर डाग पडतो. आर्ट पेपरला चारही शायांची बेरीज 300 टक्क्यांच्या आसपास आणि मॅपलिथोला त्याहून कमी ठेवतात. छापखान्याकडून एका पानाचा प्रूफ मागून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात बघावा. प्रूफसाठी एक दिवस जातो, पण पूर्ण छपाई वाया जाण्यापेक्षा तो दिवस द्यावा.

फोटोओळी शेवटच्या रात्री लिहू नयेत. कार्यक्रम संपल्या संपल्या मंचावर जाऊन सगळ्यांची नावं त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्यावीत, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक होत नाही. ‘गायक व साथीदार’ एवढ्यावर भागवू नये. तबला कोणाचा, पेटी कोणाची, तंबोऱ्यावर कोण, त्या वेळी कुठला राग चालू होता, हे सगळं ओळीत आलं पाहिजे. तंबोऱ्यावर बहुतेकदा तुमच्याच वयाचे शिष्य असतात आणि छापील अंकात नाव येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असू शकते. फोटोखाली छायाचित्रकाराचं नावही छापावं. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार फोटोचा कॉपीराइट सहसा काढणाऱ्याकडे असतो आणि तो काढणाऱ्याच्या आयुष्यभर व मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. आज विद्यार्थिनी असलेल्या मुलीचा तो हक्क तिच्या नातवंडांपर्यंत चालू राहील.

अंक हाती आला की कलाकारांना प्रती पोहोचवाव्यात, तंबोऱ्यावरच्यांनाही. मग एक प्रत घेऊन मूळ फाइलींसमोर बसावं आणि प्रत्येक फोटोच्या कडेला पेन्सिलीने लिहावं: इथे चेहरा किती काळवंडला, तिथे निळा किती मळला, मधल्या छटा आणखी किती उचलायला हव्या होत्या. ही प्रत पुढच्या वर्षीच्या चमूकडे सोपवायची. सोबत दोन हार्डडिस्क, दोन्हीवर तेच फोटो, दोन वेगवेगळ्या घरी ठेवलेल्या, आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, जागा, कलाकार आणि राग.